टाकीपतोर आवाज यायचा

शाळा सुटायच्या टायमाला मी आजून दारात येऊन उभी राहती. हाताला पीठ आसलं तर तसंच, पिठाच्या हातानं. आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, आतून म्हनत्यात, "आगं भाकर करपली," अन् मी म्हनती, "करपू द्या." साळवे मॅडम बदली होऊन गेल्या तरी ही सवय काय जाईना. ती त्यांनीच लावली. आमच्या वस्तीला त्यांनी लई सवयी लावल्या, काही राहिल्या, काही गेल्या, पन ही कान लावून उभं राहायची सवय माझ्या जिवाला चिकटली ती चिकटलीच.

आमची वस्ती राहुरीच्या अलीकडं, पाटाच्या कडंला. चारी अंगानं ऊस. पोरांचे पप्पा नागापूरच्या एमआयडीसीत वर्कशॉपला, सकाळी गाडी काढून जात्यात ते दिवस मावळल्यावर येत्यात. घरात मी, आत्याबाई, कडंवरचं बाळ अन् माझी आरू. आरू तवा चौथीत हुती. शाळा पान्याच्या टाकीच्या पल्याड, अन् तिकडं जायची वाट उसातून. त्या उसात बिबट्या हाय. आज हाय, काल हुता, उद्या बी आसंल. त्या भ्यानं मी रोज मरती अन् रोज भाकरी बी करती.

साळवे मॅडम मराठीच्या. शाळा सातवीपतोर, मराठी तेवढी त्यांच्याकडं. केडगावहून यायच्या, स्कुटी शाळंपल्याडच्या फाट्यावर टपरीपाशी लावायच्या अन् तिथून चालत. वाट बरी आसली तरी चालतच. एकदा मी इचारलं तर म्हनल्या, "पोरं चालत येतात, मी गाडीवरून आले तर मला काय दिसणार?" बारीक चनीच्या, डोळ्याला चष्मा, साडी जरा वर खोचलेली, पायात पट्ट्याची चप्पल, अन् खांद्याच्या पिशवीत कायम सुतळीचा गुंडा. खडू इसरतील पन सुतळी न्हाई. कशाचं बी माप घ्यायच्या. आमच्या दाराचं घेतलं, बाभळीच्या खोडाचं घेतलं, आत्याबाईंच्या चुलीचं घेतलं. आत्याबाई म्हनल्या, "बाई, घर इकत घ्यायचंय का?"

अन् त्यांचं एक बोलनं हुतं. "थांबा, हे मला कळलं नाही, परत सांगा." हे त्या कुनाला बी म्हनायच्या. पानी सोडनाऱ्या पाटकऱ्याला, माझ्या सासूला, पहिलीतल्या पोराला. खरंच कळलेलं नसायचं अन् त्याची लाज बी नसायची. मी सातवीत शाळा सोडली, माझं लगीन झालं, तवर मला सगळ्या शाळंत येकदा बी कुनाला आसं म्हनता आलं न्हाई. न कळलं तरी मी मान हालवायची. आजून हालवती.

त्यांची पैली गोष्ट आरूनंच सांगितली. गनिताच्या तासाला दरेकर सर शिकवत हुते अन् साळवे मॅडम येऊन मागं सतरंजीवर पोरांत बसल्या. पाटी घेऊन. सर कावरेबावरे झाले, म्हनले, "मॅडम, ऑफिसात बसा ना, चहा सांगतो." मॅडम म्हनल्या, "चहा नंतर. तुम्ही चालू द्या, मी तुमच्या वर्गात आहे." अन् बसल्या रोज, आठवडाभर. गनितं सोडवली, दोन चुकली, सरांनी भीत भीत त्यांच्या पाटीवर फुली मारली, तवा पोरं आशी हासली म्हन.

मंग पालक सभंला मॅडमनी आमाला सांगितलं, "तुमच्या पोरांना गणित येतं. बेरीज येते, वजाबाकी येते. पण ते गणित जे शब्दांत लिहिलेलं असतं, ते वाचून त्यातलं घडलंय काय, हे त्यांना दिसत नाही. ते माझं काम होतं. मी कविता शिकवत बसले आणि सर बिचारे फुल्या मारत बसले." तवापासून त्या मराठीच्या तासाला गनितातल्या गोष्टी वाचायला घ्यायच्या, नाटक करून दाखवायला लावायच्या. कोन आंबे देनारा, कोन घेनारा. दरेकर सर म्हनायचे, "मॅडमनी माझा तास घेतला, आता मी कविता घेतो." अन् त्यांनी खरंच घेतली येक दिस, चालीवर म्हनली, पोरांनी कानावर हात ठिवलं.

नगरला न्हाई तर केंद्राच्या शाळंत मास्तरांची प्रशिक्षनं आसत्यात. बाकीचे जायचे ते सही करायला अन् चहाला, आसं दरेकर सर सोताच सांगायचे. साळवे मॅडम नवऱ्याच्या घरी सन आसला तरी जायच्या. अन् आल्या की दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायच्या, "काल मी शिकायला गेले होते, आज करून बघते, चुकलं तर सांगा." अन् शनिवारी शेवटच्या तासाला पोरांना इचारायच्या, "या आठवड्यात मी कुठं चुकले?" पोरं सांगायची. कोन म्हनायचं मॅडम तुमी भरभर बोलल्या. कोन म्हनायचं तुमी मलाच इचारलं न्हाई. त्या ऐकून घ्यायच्या, हसायच्या न्हाईत, चिडायच्या न्हाईत.

आत्याबाईंना हे आजिबात पटलं न्हाई. "मास्तरीन पोरांना इचारती माझं काय चुकलं. मंग पगार कुनाला द्यायचा, पोरांना?"

मंग बिबट्या आला. म्हंजी आधी बी आसंल, पन त्या साली थंडीच्या तोंडाला दिसायला लागला. आमच्या शेजारच्या लताकाकूंच्या गोठ्यातून शेळी गेली. मंग कुत्रं गेलं. फॉरेस्टच्या लोकांनी पाटापाशी पिंजरा लावला, त्यात येक कोकरू बांधलं, अन् दिवस कलला की ते कोकरू वरडायचं अन् ते ऐकून माझं बाळ वरडायचं. बिबट्या काय त्यात गेला न्हाई. मी आरूला घरी ठिवली. येक आठवडा, दुसरा आठवडा. शिकून काय करायचंय, जिती ऱ्हाऊ दे, आसं मला वाटायचं, अन् वाटतंय ते कुनाला सांगायचं बी भ्या.

येक दिवस दुपारी मॅडम दारात. मी वळखलं, कशाला आल्या. मी आधीच रडायला लागले.

"मॅडम, मी न्हाई पाठवनार. तुमी काय बी म्हना."

"मी कुठं म्हणतेय पाठवा. पाणी द्या आधी."

पानी प्याल्या. म्हनल्या, "काल फॉरेस्टच्या माणसांची माहितीची सभा होती. मी गेले होते."

आत्याबाई म्हनल्या, "तुमी मराठीच्या का बिबट्याच्या?"

"दरेकर सरांनी पण हेच विचारलं. काकू, पोरं ज्या वाटेनं माझ्याकडं येतात ती वाट मला शिकवता येत नसेल तर मी वर्गात काय शिकवते?" मंग मला म्हनल्या, "त्यांनी सांगितलं, तो माणसाचा आवाज ऐकला की बाजूला होतो. गप चालणारं, वाकलेलं, एकटं असलं की घोटाळा होतो. पोरांनी मिळून चालायचं, मोठी पुढं-मागं, बारकी मधी, अन् सारखा आवाज. आता आवाज कशाचा करायचा, ते माझं काम आहे ना? ते तर मराठीचंच काम आहे."

त्यांनी काय केलं, तर सगळ्या पोरांना घेऊन ती वाट चालल्या. सुतळी काढली. बांध मोजले, लिंबं मोजली, बोरी मोजल्या, कागदावर वाटंचं चित्र काढलं, कुठं ऊस वाटंला टेकतो, कुठं मोकळं हाय, ते रंगवलं. अन् मंग त्याचं गानं करायला पोरांनाच लावलं. पोरांनी जोडलं ते आसं,

एक बांध, दोन बांध, आडवा आला पाट,
आमी आलो, आमी आलो, सोड आमची वाट.
तीन लिंबं, चार बोरी, पुढं पान्याची टाकी,
आमी सगळी मिळून चाललो, कोन न्हाई बाकी.

सोड आमची वाट, ही ओळ आरूची. घरी बसूनच पाठवली हुती तिनं, लताकाकूंच्या पोराच्या हाती. मॅडमनी ती घेतली अन् मला निरोप दिला, "जिची ओळ आहे ती म्हणायला नाही, हे बरं दिसत नाही." आरू आशी हट्टाला पेटली की मला ती सोडावीच लागली.

तवापासून माझं दारात उभं ऱ्हानं सुरू झालं. सकाळी पोरं निघाली की आवाज लांब लांब जायचा. बांध, पाट, लिंबं, बोरी. टाकीपतोर आवाज यायचा. टाकीच्या पल्याड मोकळं हाय, शाळा दिसती, तिथं गेला की मी घरात जायची. संध्याकाळी उलटं. आवाज टाकीपाशी निघायचा अन् मोठा मोठा व्हत यायचा, अन् त्यात मला आरूचा येगळा वळखू यायला लागला. तो आवाज हाय म्हंजी माझी पोरगी हाय. मला दुसरं काय ठावंच नव्हतं.

मंग मॅडम नगरला गेल्या दोन दिवस. मोठं प्रशिक्षन हुतं. तिथं त्यांना सांगितलं की पोरांकडून एका सुरात वरडून घेऊ नका, त्यानं डोक्यात काय जात न्हाई, मनातल्या मनात वाचायला शिकवा, व्हट बी हालायला नको. मॅडमना ते पटलं. आल्या अन् दुसऱ्या दिवशी वर्गात तेच घेतलं. पोरांना म्हनल्या, "जे मोठ्यानं म्हणतो ते तोंडात राहतं. जे मनात म्हणतो ते जवळ राहतं. आज बघूया, कोण किती वेळ मनात म्हणू शकतो."

त्या दिवशी संध्याकाळी आवाज आला न्हाई.

मी आधी म्हनलं, शाळा उशिरा सुटली आसंल. मंग म्हनलं, वारा तिकडचा आसंल. पिंजऱ्यातलं कोकरू बी गप हुतं. ऊन पिवळं पडलेलं, उसाचं तुरं हालत हुतं, अन् कायच ऐकू येत नव्हतं. आत्याबाई म्हनल्या, "येतील गं." मी म्हनलं, "व्हय, येतील," अन् माझं पाय पळायला बी लागले हुते. बाळ कडंवर, पायात चप्पल न्हाई, पदर कुठं गेला म्हाईत न्हाई. पैला बांध, दुसरा बांध. मला वरडता यीना. आरू म्हनून हाक मारायची तर आवाजच फुटंना. तोंडातून फकस्त हवा.

पाटाच्या पल्याड पोरं दिसली. रांगंत. मोठी पुढं-मागं, बारकी मधी, सगळं शिकवल्यापरमानं, अन् सगळी गप. आरूनं मला बघितलं अन् व्हटावर बोट ठिवलं. तिला बोलून हारायचं नव्हतं.

मी तिला वडलं, पाठीत धपाटा घातला, मंग उराशी धरली, मंग परत घातला. ती रडायला लागली तवा पैला आवाज झाला त्या वाटंवर. अन् तवाच मागच्या बाजूला उसाचं पाचट वाजलं. वारा पडलेला हुता. येकाच जागी वाजलं, अन् आत आत गेलं.

सकाळी लताकाकूंच्या घरच्यांनी वाट बघितली. पाटाच्या कडंला माती वली आसती. तिथं पोरांच्या चपलांचं ठसं, अन् त्यावर त्याचं. बाजूला न्हाई. वर. आरूच्या चपलंच्या खुनंवर त्याचा पाय पडलेला. म्हंजी तो पोरांच्या मागून चालला हुता, किती वेळ ते देवाला म्हाईत.

मॅडमना फाट्यावरच कळलं. त्या तशाच वाटंवर आल्या, ठशापाशी बसल्या, पिशवीतनं सुतळी काढली. सवयच ना. सुतळी ठशावर धरली, अन् माप न घेताच उचलली. परत धरली. परत उचलली. मंग सुतळी तशीच मुठीत धरून बसल्या.

मी हळूच म्हनलं, "मॅडम, तुमच्या शिकन्यापायी माझी पोरगी गेली आसती."

त्या म्हनल्या, "हो."

मला वाटलं हुतं त्या समजावतील, प्रशिक्षनात आसं सांगितलं, मला काय म्हाईत, आसं कायतरी. पन हो म्हनल्या अन् माझ्याकडं बघत राहिल्या, मंग मलाच खाली बघावं लागलं.

शनिवारी त्यांनी आयांना बी बोलावलं. पोरं म्होरं, आमी मागं भिताडाला टेकून. म्हनल्या, "आज मी सांगते, मी कुठं चुकले." अन् सांगितलं सगळं. म्हनल्या, "मनात वाचायचं, हे खोटं नाही. ते वर्गात बरोबर आहे. पण तुम्ही वर्गातनं उठून कुठं जाता, हे मला माहीत होतं. मी स्वतः मोजलेली वाट होती ती. तरी नवीन शिकून आल्याच्या नादात मी ती विसरले."

लताकाकूंचा पोरगा म्हनला, "मॅडम, तुमीच म्हनल्या, मनात म्हनलं की जवळ ऱ्हातं. मंग आमी घरापतोर जवळ ठिवलं." कुनी हासलं न्हाई. मॅडम म्हनल्या, "तू बरोबर केलंस. मीच अर्धं सांगितलं." अन् चष्मा काढून पदरानं पुसला.

मला वाटलं, आता ह्या कुठं प्रशिक्षनाला जायच्या न्हाईत. मी तर शाळंचं तोंड बघितलं नसतं. पन पुढच्याला बी गेल्या. दरेकर सर संगं हुते, त्यांनी सांगितलं. तिथं कोन नवी पद्धत समजावत हुतं तर ह्या उभ्या राहिल्या. "थांबा, हे मला कळलं नाही. ही पद्धत पोरं घरी कुठल्या वाटेनं नेणार?" आधी लोक हासले. मंग त्यांनी आमच्या पाटाच्या कडंची गोष्ट सांगितली, सगळ्या मास्तरांम्होरं, सोताचं नाव घेऊन. सर म्हनले, "मला लाज वाटली अन् मग लाज वाटल्याची लाज वाटली."

तवापासून मॅडम संध्याकाळी पोरांबरोबर चालत यायच्या, शेवटच्या घरापतोर, म्हंजी आमच्या. अन् परत फाट्यावर जायच्या ते येकट्या. त्याच वाटंनं, तेच मोठ्यानं म्हनत. शाळंत शिकवनारी बाई, येकटीच उसातून वरडत जाती, एक बांध दोन बांध. लोक हासायचे. पोरांचे पप्पा म्हनले, "मी गाडीवर सोडतो," पन ते घरी यायच्या आत त्या निघायच्या, त्यांचं बी घर लांब.

येकदा निघताना मला म्हनल्या, "आयांनी इथून पुढची ओळ म्हणत जा ना. म्हणजे मला कळेल, कुणी ऐकतंय."

"तुमाला कशाला पायजेल?"

"मला भीती वाटत नाही असं वाटतं का तुम्हाला? त्या दिवसापासून पाटापाशी पाय जड होतो माझा."

मी मान हालवली. पन म्हनलं कधी न्हाई. सासू दारात बसलेली, शेजारपाजार, सूनबाईनं शिवारात गानं वरडायचं कसं. अन् खरं सांगायचं तर मला वाटायचं, मी वरडले अन् बिबट्यानं तिकडचं सोडून इकडं बघितलं तर. मी नुसती उभी राहायची. त्यांना काय कळनार मी उभी हाय का न्हाई.

मंग बदलीची आर्डर आली. पार लांब, पारनेरच्या पलीकडं. शेवटच्या दिवशी पोरांनी रडून गोंधळ घातला. मॅडम आमच्या दारापतोर आल्या, आरूच्या हातात सुतळीचा गुंडा दिला, आत्याबाईंच्या पाया पडल्या. आत्याबाई म्हनल्या, "चुकलं-माकलं..." अन् थांबल्या. मॅडम म्हनल्या, "सांगा ना काकू, कुठं चुकले?" आत्याबाईंनी त्यांच्या गालावरून हात फिरवला फकस्त.

अन् गेल्या. ऊन उसाच्या तुऱ्यावर आलेलं. आवाज निघाला. एक बांध, दोन बांध. पाट. सोड आमची वाट. मी दारात. आरू मला टेकून. तीन लिंबं, चार बोरी, पुढं पान्याची टाकी.

अन् थांबला.

मी वाट बघितली. ओळ ऱ्हायली हुती आजून येक. वारं नव्हतं. मी आरूचा खांदा आसा दाबला की ती आई गं म्हनली. मला पाटाच्या कडंची माती दिसली, ठशावर ठसा. पळायला पाय उचलला, बाळ आत पाळन्यात, आरू हाताला, कुनाला टाकून जाऊ.

मंग माझ्या तोंडातून आला आवाज. माझाच, पन मी आधी कधी ऐकलेला न्हाई, फाटका, पत्रा ओढल्यावानी. "आमी सगळी मिळून चाललो, कोन न्हाई बाकी." आत्याबाई दचकून उठल्या. लताकाकू गोठ्यातनं भाईर आल्या. मी परत वरडले. पदर पडला तरी वरडले.

कायच न्हाई. उसाचं तुरं तेवढं.

अन् मंग लांबून, टाकीच्या अंगानं, बारीक झालेला पन सरळ, त्यांचा आवाज आला. पैल्यापासून. एक बांध, दोन बांध.